पासबुकातले गायब महिने

पगार झाला की आपण काय बघतो? खात्यात किती आले. झालं. पगाराच्या स्लिपवर 'पीएफ' म्हणून कापलेला आकडा कुणी बघत नाही. मीही बघितला नव्हता. विडी घरकुलात राहणाऱ्या मैत्रिणीच्या आजीची पिशवी बघितली आणि त्याच रात्री स्वतःचं पासबुक उघडलं.

आजींनी आयुष्यभर घरी बसून विड्या वळल्या. विडी उद्योगाला पीएफ लागू झाला 1977 मध्ये. घरी काम करणाऱ्या बायका आमच्या कामगारच नाहीत, असं मालकांचं म्हणणं होतं. 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. म्हणजे आजींचा पीएफ हा कुणाचा उपकार नव्हे. पण नोंदी बघितल्या तर सेवा 8 वर्षं 10 महिन्यांचीच दिसते. मधले 14 महिने गायब! मासिक पेन्शनला 10 वर्षं लागतात. ते महिने सापडले तर दरमहा पेन्शन, नाहीतर एकदाच हातात पडणारी थोडी रक्कम.

आता तुमचा हिशोब. समजा मूळ पगार 12,000 आहे. तुमचे 12 टक्के, म्हणजे 1,440 कापले जातात. मालकानेही तेवढेच भरायचे. त्यातले 1,000 पेन्शनला, 440 पीएफला. एक महिना बुडाला तर 2,880 रुपये आणि पेन्शनच्या सेवेतला एक महिना गेला. मागच्या महिन्याचा भरणा 15 तारखेपर्यंत व्हायला हवा. यूएएनला जोडलेल्या मोबाईलवरून 9966044425 ला मिस्ड कॉल द्या, शेवटचा भरणा कळतो. फुकट आहे, आत्ताच करा.

चूक सापडली तर आधी ती कसली आहे ते बघा. नाव, जन्मतारीख, नोकरी सोडल्याची तारीख असली चूक असेल तर प्रकरण सोपं आहे. यूएएन 1 ऑक्टोबर 2017 नंतरचा आणि आधारशी जोडलेला असेल तर बहुतेक दुरुस्त्या ऑनलाईन स्वतःच होतात. त्याआधीचा असेल तर मालकासह संयुक्त घोषणापत्र. कंपनीच बंद पडली असेल तर राजपत्रित अधिकारी किंवा नोटरीची सही चालते. आजींचं एका कागदावर माहेरचं नाव, दुसऱ्यावर सासरचं. ते जुळवण्यातच दोन महिने गेले.

पैसेच भरले नसतील तर मात्र गोष्ट वेगळी. मालकाने राहिलेल्या महिन्यांचं विवरण भरायचं, वर 12 टक्के वार्षिक व्याजही त्यानेच द्यायचं. आणि हे नीट लक्षात ठेवा, कारण इथेच नवीन पोरांना गंडवतात. "तेव्हा कापायचं राहिलं होतं, आता या पगारातून दोन वर्षांचं कापतो," असं म्हणता येत नाही. योजनेच्या परिच्छेद 32 प्रमाणे ज्या काळाचं योगदान, त्याच काळाच्या पगारातून कपात. खरंच कारकुनी चूक असेल तरी निरीक्षकाची लेखी परवानगी लागते. कापून घेतले आणि भरलेच नाहीत, तर तो फौजदारी विश्वासघात धरला जातो.

मालक दाद देत नसेल तर पीएफच्या पोर्टलवर तक्रार करा. दर महिन्याच्या 27 तारखेला जिल्ह्यात 'निधी आपके निकट' शिबिर असतं, तिथे समोरासमोर विचारता येतं. त्यापुढची पायरी म्हणजे 1952 च्या कायद्यातली कलम 7अ ची चौकशी. किती जुनी थकबाकी तपासायची याला त्या कायद्यात मुदत नव्हती. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत मात्र चौकशी सुरू करायला पाच वर्षांची मर्यादा आहे. आजींचा अर्ज जुन्या कायद्याखाली आधीच गेलाय, हे नशीब. "पहिली नोकरी सोडली, आता कोण बघतंय" असं म्हणणाऱ्यांनी वर्षं मोजून बघावीत.

पण चौकशीत नुसतं तोंडी सांगून भागत नाही. स्लिप, हजेरी, बँकेचं स्टेटमेंट, नेमणुकीचं पत्र, सगळं पीडीएफ करून ठेवा. नोकरी सोडली की कंपनीचा मेल बंद होतो. स्लिपा त्यातच असतील तर त्याही गेल्या.

आजींकडे मेल नव्हता. त्यांच्या पिशवीत मजुरीच्या नोंदवह्या आहेत. किती विड्या दिल्या, किती पैसे मिळाले, पीएफ किती कापला. 14 पैकी 11 महिन्यांची पानं सापडलीत. मैत्रीण सध्या माळ्यावरचे पत्र्याचे डबे उघडतेय.