घाट चढेल, उतरणीचे काय?

साताऱ्याहून कासकडे जाणारा रस्ता यवतेश्वरच्या घाटात शिरला, की धावपटूची खरी परीक्षा सुरू होते, असा सार्वत्रिक समज आहे. २०१२ पासून होत असलेल्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये एकवीस किलोमीटरपैकी जाण्याचा टप्पा मुख्यतः चढणीचा आणि परतीचा उतरणीचा असतो. चढावर दम लागतो, उतारावर सुटका होते, हे धडधाकट शरीराबाबत बरेचसे खरे. मात्र खुब्याच्या सांध्यावर शस्त्रक्रिया झालेला पंचेचाळीस-पन्नाशीचा स्पर्धक जेव्हा या घाटात परतू पाहतो, तेव्हा हे गणित उलटे होते. चढावर कस लागतो तो हृदयाचा व फुप्फुसांचा. उतारावर प्रत्येक पावलाला शरीराचा वेग आवरावा लागतो आणि त्याचा भार खुब्यावर व त्याभोवतीच्या स्नायूंवर येतो.

परंतु घाटाचा विचार नंतरचा. मुळात शस्त्रक्रिया कोणती झाली, हे पाहिल्याशिवाय पुन्हा धावण्याची चर्चा निरर्थक ठरते. ‘खुब्याचे ऑपरेशन’ या एका नावाखाली अगदी वेगवेगळ्या गोष्टी येतात. अतिसरावाने मांडीच्या हाडाच्या मानेला सूक्ष्म तडा जातो. जांघेतील दुखणे स्नायूचे समजून अंगावर काढले, तर हाड पूर्ण मोडण्याची भीती असते. म्हणून काही वेळा स्क्रू बसवावे लागतात. येथे हाड स्वतःचेच असल्याने ते नीट सांधल्यावर धावण्याला तत्त्वतः आडकाठी राहत नाही. सांध्याच्या वाटीची कूर्चेची कडा फाटल्यास दुर्बिणीतून ती शिवली जाते. त्यानंतरही काही महिन्यांनी पळता येते. पण आतील कूर्चा आधीच झिजलेली असेल, तर अपेक्षा बेताच्याच ठेवाव्या लागतात.

संपूर्ण सांधेरोपणाची गोष्ट निराळी. आपल्याकडे तुलनेने तरुण वयात हा प्रसंग अनेकदा ‘एव्हीएन’मुळे, म्हणजे हाडाच्या गोलाचा रक्तपुरवठा खुंटून तो खचल्यामुळे येतो. स्टेरॉइड औषधे आणि मद्यपान ही त्याची प्रमुख कारणे. सर जॉन चार्नली यांनी १९६२ च्या सुमारास इंग्लंडमध्ये आधुनिक सांधेरोपणाचा पाया घातला, तेव्हा वृद्धांना वेदनेशिवाय चालता यावे एवढाच हेतू होता. त्या सांध्यावर कोणी दहा किलोमीटरची शर्यत धावेल, ही कल्पनाही तेव्हा दूरची होती. चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच ते तीन पट भार येतो. धावताना तो पाच पटींच्या आसपास जातो. आजचे प्लास्टिक व सिरॅमिक पूर्वीपेक्षा पुष्कळ टिकाऊ आहे, हे खरे. तरीही अनेक शल्यविशारद पोहणे, सायकल आणि चालणे यांना मोकळीक देतात व धावण्याचा विषय निघाला की हात आखडता घेतात.

ही सावधगिरी अनाठायी नाही. ‘लॅन्सेट’मध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील अभ्यासानुसार, सत्तरीनंतर खुबा बदलणाऱ्यांपैकी सुमारे पाच टक्क्यांना आयुष्यात पुन्हा शस्त्रक्रिया लागते, पन्नाशीच्या सुरुवातीला बदलणाऱ्या पुरुषांत हे प्रमाण तीस टक्क्यांच्या घरात जाते. तरुण रुग्णापुढे आयुष्य अधिक असते आणि तो सांधा वापरतोही अधिक. दुसरी शस्त्रक्रिया पहिलीहून अवघड असते. शर्यतीतील पदकाची ही संभाव्य किंमत स्पर्धकाने स्वतःच ठरवायची आहे, आणि ती डॉक्टरांपासून लपवून तर मुळीच नव्हे.

अँडी मरेचे उदाहरण येथे हमखास दिले जाते. जानेवारी २०१९ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, त्याच्या खुब्यावर धातूचे आवरण बसवण्यात आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याने अँटवर्पची एकेरी स्पर्धा जिंकली. उदाहरण स्फूर्तिदायक खरेच. परंतु दिमतीला फिजिओथेरपिस्ट आणि प्रशिक्षक असलेला व्यावसायिक खेळाडू आणि कार्यालयातून सात वाजता घरी परतणारा हौशी धावपटू यांची तुलना फार ताणू नये.

शस्त्रक्रियेसाठी मिरजेला जाण्याची या भागातील रीत डॉ. विल्यम वानलेस यांच्या काळापासूनची, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनची. पण शस्त्रक्रिया तासाभरात वा दोन तासांत आटोपते. खरे काम त्यानंतर अनेक महिने चालते. नितंबाच्या बाजूचा स्नायू महिनोन्‌महिने लंगडल्याने दुबळा झालेला असतो. त्याची परीक्षा सोपी आहे. आरशासमोर शस्त्रक्रियेच्या पायावर एकट्याने उभे राहावे. दुसऱ्या बाजूची कंबर खाली झुकत असेल, तर तो पाय अजून धावण्यास तयार नाही. जिना चढ-उतार, कुशीवर झोपून पाय उचलणे, रबरी पट्टा लावून बाजूला चालणे, असे कंटाळवाणे व्यायाम इथे कामी येतात. मग भरभर चालणे. त्यानंतर एक मिनिट धाव व दोन मिनिटे चाल, तीही दिवसाआड. दुसऱ्या दिवशी सकाळी जांघेत दुखले वा चाल लंगडली, तर मागच्या पायरीवर परतावे.

हा सराव कोठे करावा, यालाही महत्त्व आहे. कृष्णाकाठच्या सांगलीत विश्रामबागेकडून मिरजेकडे जाणारा सपाट रस्ता अशा धावपटूला अनुकूल. मैदानाची माती त्याहून बरी. साताऱ्याच्या रहिवाशाने चढण चालत चढावी आणि उतरताना वाहनाचा आधार घ्यावा. उतार अखेरीस, तोही छोट्या पावलांनी. सपाटीवर तासभर सलग आणि वेदनेशिवाय धावता येईपर्यंत घाटाची शर्यत दूरच ठेवलेली बरी.

उशीर होतो, याची खंत बाळगण्याचे मात्र कारण नाही. ‘मास्टर्स’ मैदानी स्पर्धांत पस्तिशीपासून दर पाच वर्षांचा स्वतंत्र गट असतो. एकोणपन्नासाव्या वर्षी शस्त्रक्रिया झालेला धावपटू वर्षभराने परतला, तर तो नव्या गटातील सर्वांत तरुण स्पर्धकांपैकी एक असतो.