लॅपटॉपची सर्व्हिसिंग कधी?

बाइकची सर्व्हिसिंग चुकत नाही, मग लॅपटॉपनं काय घोडं मारलंय? विंडोजवाल्यांनो, हातानं डिफ्रॅग करत बसायचा जमाना गेला. एसएसडी असेल तर विंडोज स्वतःच ‘ट्रिम’ करतं. तुम्ही फक्त स्टार्टअपमधली बिनकामाची गर्दी हटवा. आणि हो, विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपलाय. मॅकवाले तसे निवांत (क्लीनर अ‍ॅप्सच्या जाहिरातींना भुलले नाहीत तर!). उबुंटूवर ‘अपडेट’, ‘अपग्रेड’, ‘ऑटोरिमूव्ह’ अशा तीन कमांड्स, की काम फत्ते.

बॅकअपमधून मात्र सुटका कुणाचीच नाही. मॅकमध्ये २००७ पासून टाइम मशीन आहे, विंडोजमध्ये फाइल हिस्टरी. पण दोघांनाही वेगळी डिस्क लागते. लग्नाचे फोटो, पीएफचे कागद एकाच मशीनवर असतील, तर ती याच पगारात घ्या.