किण्वाची बदलती रूपं

शेजारच्या वहिनी परवा दुपारी आल्या त्या दार लोटून घेऊनच बोलू लागल्या. वर्षात चौथ्यांदा तीच खाज, अंगावरून तेच दह्यासारखं पांढरं जाणं. "घरात उरलेली ट्यूब लावतेय, दुसरं काय करणार?" आपलं बायकांचं हे असंच. डोकं दुखलं तर चारचौघींत सांगू, हे मात्र सख्ख्या बहिणीलाही नाही.

या त्रासामागे बहुतेक वेळा कॅन्डिडा अल्बिकन्स नावाचं किण्व असतं. पाव फुगवणाऱ्या यीस्टचं हे लांबचं भाऊबंद. निरोगी माणसाच्या तोंडात, आतड्यातही ते मुकाट्यानं राहतं. मात्र अँटिबायोटिक गोळ्या, गरोदरपण, मधुमेह, असं काही निमित्त झालं की उचल खातं.

मी बी.ए. मराठीची, तरी याच्याविषयी वाचून थक्क झाले बाई! १९८५ साली अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या डेव्हिड सोल यांच्या प्रयोगशाळेत हे किण्व काचेच्या बशीत वाढवलं. त्याचे ठिपके एरवी गुळगुळीत. पण दहा हजारांत एखादा आपोआपच निराळा निघे. कुठे चांदणीसारखा, कुठे कड्यासारखा, कुठे सुरकुतलेला. एकदा बदललं की पुढे पन्नासांत एक या वेगानं रूपं पालटत, आणि पुष्कळदा मूळ रूपावरही येत. १९८७ साली तिथेच आणखी एक जोडी सापडली: पांढऱ्या ठिपक्यांत गोल पेशी, करड्या ठिपक्यांत लांबट. करड्यांना अंगाइतकी ऊब दिली की त्या पुन्हा पांढऱ्या!

या जोडीत किण्वाचा वंश बदलत नाही. साडी तीच, कधी गोल नेसलेली, कधी काष्टा घातलेली, तसंच काहीसं. १९८९ साली सोल यांनाच एका बाईच्या पाठोपाठच्या दुखण्यांत तेच किण्व वेगळ्या रूपात आढळलं. म्हणून दुखणं उलटतं ते याच्यामुळेच, असं मात्र समजू नका हं. कारणं पुष्कळ असतात, आणि दर वेळची खाज या किण्वाचीच असते असंही नाही.

म्हणूनच ती ट्यूब मला खटकली. अशा मलमांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. खाज दबते, मूळ दुखणं राहतं. वहिनींना मीच रिक्षात घालून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी कापसाच्या काडीनं नमुना घेतला आणि सोबत रक्तातली साखरही बघायला सांगितली. वहिनी कुरकुरल्या, "खाजेचा नि साखरेचा काय संबंध?"

साखर उपाशीपोटी दोनशेच्या वर निघाली.