कुंडीतला पुदिना

बाजारच्या पुदिन्याची पाने खुडून काड्या उकिरड्यावर टाकू नका. जाडसर चार-पाच काड्या निवडून पेलाभर पाण्यात ठेवा. आठ-दहा दिवसांत मुळ्या फुटल्या की कुंडीत लावा. कुंडी खोल नको, पसरट हवी. पुदिन्याचे धावते खोड आडवे पसरते. दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत घ्यावे.

माझी पहिली कुंडी म्हणजे बिनभोकाचा डबा. गावोगाव निचऱ्याचे धडे देणाऱ्या माझ्याच घरी मुळे कुजली! म्हणून बुडाला भोक पाडून त्यावर खापराचा तुकडा ठेवावा. सज्ज्यात सकाळचे ऊन पुरे. उन्हाळ्यात दुपारी सावली द्यावी. दोन पेरे राखून शेंडे खुडावेत, म्हणजे नवी फूट येते. कैरीच्या चटणीला पाने घरचीच मिळतील.