घरचं एडिटिंग (भाग ४) : कोटेशनमधला ‘एफ’

फोनवरच्या शूटिंगचा भाग छापून आल्यावर आलेल्या बहुतेक पत्रांत एकच विचारणा आहे : आता हे सगळं कापायला-जोडायला कॉम्प्युटर कोणता घेऊ? अंधेरीहून एक कथक शिकवणाऱ्या बाई विचारतात, बोरिवलीहून एक निवृत्त शिक्षक विचारतात. मुलुंडच्या एका वाचकांनी तर दुकानदाराचं कोटेशनच पाठवून दिलं आहे. त्यांचा हौशी नाट्यगट आहे. एकांकिका पाऊण तासाची, दोन बाजूंना दोन फोन लावून फोर-केमध्ये चित्रित केलेली. दोन्ही फोनची दृश्यं आलटून-पालटून जोडायची, खाली मराठी सबटायटल द्यायची आणि यूट्यूबवर टाकायची, एवढंच काम. घरगुती एडिटिंगचं यापेक्षा नेमकं उदाहरण सापडणार नाही, म्हणून या आठवड्यात त्यांचं कोटेशनच वाचू.

वर ठळक अक्षरांत ‘एडिटिंग पीसी’. खाली : इंटेल कोअर आय-५ १२४००एफ, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, १ टीबी हार्ड डिस्क, जीटी ७१० ग्राफिक्स कार्ड २ जीबी, ४५० वॅटचा एसएमपीएस आणि रंगीत दिव्यांचे पंखे असलेलं काचेचं कॅबिनेट.

पहिल्या नजरेत यात वावगं काही दिसत नाही. प्रोसेसर चांगला आहे, वेगळं ग्राफिक्स कार्डही आहे. तरीही हे मशीन घेतलं असतं, तर दोन फोनचं फुटेज टाइमलाइनवर ठेवताच ते अडकायला लागलं असतं. कारण प्रोसेसरच्या नावातल्या शेवटच्या अक्षरात आहे. ते समजून घ्यायचं तर आधी फोन व्हिडिओ साठवतो कसा, ते पाहायला हवं.

आजचे बरेच फोन फोर-के चित्रण एच.२६५ या पद्धतीनं साठवतात. तिलाच एचईव्हीसी म्हणतात. जुनी पद्धत एच.२६४, ती २००३ची, एच.२६५ हे प्रमाण जाहीर झालं २०१३मध्ये. आयफोननं ते २०१७पासून घेतलं. या पद्धतीत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. मधूनमधून एखादी फ्रेम पूर्ण ठेवतात आणि बाकीच्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढंच नोंदवतात. वाण्याच्या खातेवहीत रोजची देवघेव तेवढी लिहिलेली असावी आणि सतरा तारखेची बाकी विचारली की एक तारखेपासून बेरीज करत यावं लागावं, तसा हा हिशेब. सिनेमा सरळ पाहत बसलो तर ही बेरीज ओघात होत जाते. एडिटिंगमध्ये मात्र आपण क्षणात पुढे जातो, क्षणात मागे येतो, मध्येच कापतो. दर वेळी कॉम्प्युटरला जवळच्या पूर्ण फ्रेमपासून सगळं पुन्हा उलगडावं लागतं. दोन फोनची दृश्यं एकाच वेळी चालवायची म्हणजे हे काम दुप्पट.

हे उलगडण्यासाठी चिपमध्ये एक खास भाग असतो. इंटेलमध्ये त्याला क्विक सिंक म्हणतात. २०११पासून तो प्रोसेसरच्या अंगच्या ग्राफिक्समध्येच असतो. आणि कोटेशनमधल्या ‘एफ’चा अर्थ असा, की या प्रोसेसरमधलं अंगचं ग्राफिक्स बंद केलेलं आहे. ते गेलं की क्विक सिंकही गेलं. मग भिस्त उरते जीटी ७१० कार्डावर. हे कार्ड एनव्हिडियाच्या केपलर पिढीचं. ती पिढी आली २०१२ साली, म्हणजे एच.२६५ हे प्रमाण जाहीर होण्याच्याही आधी. हे कार्ड एच.२६५ उलगडू शकत नाही. मॉनिटरवर चित्र दिसावं एवढ्यापुरताच त्याचा उपयोग.

म्हणजे या मशीनमध्ये ज्या कामासाठी ते घ्यायचं आहे, ते काम करणारा भागच नाही. सगळा भार प्रोसेसरच्या सर्वसाधारण ताकदीवर पडणार. तोच प्रोसेसर ‘एफ’शिवाय, नुसता १२४००, घेतला तर थोडे पैसे जास्त पडतात, पण ग्राफिक्स कार्डाचे पैसे पूर्ण वाचतात आणि क्विक सिंक हाती येतं. एएमडी घेणार असाल तरी नाव शेवटपर्यंत वाचा : रायझन ५६००जीमध्ये ग्राफिक्स आहे, नुसत्या ५६००मध्ये नाही. दुकानदार फसवतो असं मला म्हणायचं नाही. ‘एफ’चे प्रोसेसर गेमिंगवाल्यांसाठी उत्तम असतात, कारण ते तगडं कार्ड वेगळं लावणारच असतात. गेमिंगची यादी थोडी कापून तिला ‘एडिटिंग’ हे नाव दिलं, की घोळ होतो.

आता रॅम. ८ जीबी घेऊ नका, १६ जीबी हे आजचं किमान धरा. डाव्हिंची रिझॉल्व्ह हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर वापरणार असाल तर त्याचे निर्मातेही १६ जीबीपासूनच सुरुवात करायला सांगतात. १६ची एकच पट्टी घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन पट्ट्या घ्या. अंगचं ग्राफिक्स याच रॅममधून आपला वाटा घेतं आणि दोन पट्ट्या असल्या की त्याला डेटा दोन वाटांनी मिळतो. मदरबोर्डावर चार स्लॉट असतील तर पुढे ३२ करायची सोय राहते.

साठवणीचा हिशेब मात्र प्रत्येकानं स्वतः कागदावर मांडावा, कारण इथे अंदाज फार चुकतो. आयफोनच्या सेटिंगमध्येच आकडा दिलेला असतो : फोर-के, सेकंदाला ३० फ्रेम, तर मिनिटाला साधारण १७० एमबी. ४५ मिनिटांच्या एकांकिकेचे ७.६५ जीबी, दोन फोनचे मिळून १५.३ जीबी. सेकंदाला ६० फ्रेम ठेवल्या तर मिनिटाला ४०० एमबी, म्हणजे दोन फोनचे ३६ जीबी. नाटकाला ६० फ्रेमची काही गरज नसते.

हे आकडे पाहून २५६ जीबीची एसएसडी पुरेशी वाटेल. पण प्रॉक्सी विसरू नका. प्रॉक्सी म्हणजे मूळ फुटेजची कामचलाऊ प्रत. एडिटिंग या प्रतीवर करायचं आणि शेवटी एक्स्पोर्ट करताना सॉफ्टवेअर आपोआप मूळ फुटेज घेतं. ही प्रत सहसा अशा पद्धतीत करतात, की प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली असते. मागची बेरीज करावी लागत नाही. म्हणून जुनं मशीनही तिच्यावर सुरळीत चालतं. पण तिची किंमत जागेत मोजावी लागते. प्रोरेस प्रॉक्सी ही नेहमीची पद्धत घ्या : फुल एचडी, ३० फ्रेमला सेकंदाला ४५ मेगाबिट, म्हणजे मिनिटाला जवळपास ३४० एमबी. मूळ फुटेज फोर-के असून मिनिटाला १७०, आणि त्याची पाव आकाराची प्रत दुप्पट जड! दोन फोनच्या ९० मिनिटांना ३० जीबी. विंडोज, सॉफ्टवेअर, मूळ फुटेज, प्रॉक्सी आणि तयार झालेली फिल्म असं सगळं मिळून दोन-तीन प्रयोगांत २५६ जीबी भरते. ५१२ तरी घ्या, जमलं तर १ टीबी, आणि एनव्हीएमई प्रकारची. फिरती हार्ड डिस्क राहू द्या, पण काम संपलेल्या फुटेजसाठी. चालू काम तिच्यावर ठेवलं की चांगला प्रोसेसरही डेटाची वाट पाहत बसतो.

प्रॉक्सीचं बोललोच आहोत तर एक सांगतो : घरात आठ-दहा वर्षांचं मशीन असेल तर नवं घेण्याआधी त्यात एक एसएसडी आणि जादा रॅम टाकून प्रॉक्सीवर एक प्रयोग पुरा करून पाहा. प्रॉक्सी तयार व्हायला रात्र जाईल, जाऊ द्या. वर्षातून चार फिल्म करणाऱ्याला एवढ्यात भागतं. एकच अडचण आहे. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते. ऑफिसांतून निघालेले रिफर्बिश्ड डेस्कटॉप घेतानाही हीच रेघ लक्षात ठेवा : आठव्या पिढीच्या खालचं घेऊ नका. त्या रेघेच्या वरचं चांगल्या अवस्थेतलं मशीन मला नव्या पण अर्धवट मशीनपेक्षा केव्हाही बरं वाटतं.

मग वेगळं ग्राफिक्स कार्ड कोणाला लागतं? रिझॉल्व्ह हे सॉफ्टवेअर रंगकाम आणि इफेक्टसाठी मोठ्या प्रमाणात ग्राफिक्स कार्डावर अवलंबून असतं. रंगांवर बारीक काम करायचं असेल, धूसर फुटेज स्वच्छ करायचं असेल, तर कार्ड घ्या. पण आजच्या पिढीचं घ्या, किमान ४ जीबी मेमरीचं. नाहीतर आधी कार्डाशिवाय मशीन घ्या आणि त्याची जागा रिकामी ठेवा. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा भाग, मात्र सुरुवातीलाच नावाजलेल्या कंपनीचा घ्या. ‘४५० वॅट’ असं नुसतं लिहिलेलं असेल तर कंपनी आणि मॉडेल लिहून मागा.

सॉफ्टवेअर मशीनच्या आधी ठरवावं, हे फार थोडे लोक करतात. रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती घरच्या कामाला पुष्कळ झाली. ती फोर-के, ६० फ्रेमपर्यंत एक्स्पोर्ट देते, फक्त काही सोयी विकतच्या स्टुडिओ आवृत्तीसाठी राखलेल्या आहेत. विंडोजचे पैसे वाचवायला लिनक्स टाकणार असाल तर जपून : तिथे मोफत रिझॉल्व्ह एच.२६४ किंवा एच.२६५ फुटेज उघडतच नाही. लिनक्सवर केडेनलाइव्ह बरं. आणि सबटायटल मराठीत द्यायची असतील तर ‘क्षितिज’, ‘कर्तृत्व’, ‘दुर्वा’ हे तीन शब्द टाइप करून पाहा. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे सरकली, रफार भलतीकडे गेला, जोडाक्षर फुटून पायमोडका ‘क्’ दिसला, तर ते सॉफ्टवेअर आपल्या लिपीसाठी नीट लावलेलं नाही. प्रीमियर प्रोमध्ये ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये टेक्स्ट इंजिन ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ करावं लागतं, मग अक्षरं जागेवर येतात. आपल्या नाटकाची वाक्यं पडद्यावर मोडक्या अक्षरांत दिसावीत, हे कोणीच खपवून घेऊ नये.

आणखी एक तक्रार कॉम्प्युटरच्या माथी मारली जाते, ती आवाज मागे-पुढे होण्याची. सुरुवातीला ओठ आणि शब्द जुळतात, चाळिसाव्या मिनिटाला जुळत नाहीत. बहुतेक वेळा कारण असं, की फोन सेकंदाला ठरावीक फ्रेम घेत नाही, प्रकाशानुसार आणि ताणानुसार त्या कमी-जास्त करतो. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरनं फुटेज आधी एकसारख्या फ्रेमदरात बदलून घ्या. नवं मशीन घेऊन हे दुरुस्त होत नाही.

लॅपटॉप घ्यावा का? वन-रूम किचनमध्ये टेबलाला जागा नसते हे मला ठाऊक आहे, आणि तिथे लॅपटॉपच घ्यावा लागतो. पण मे महिन्यात बंद खोलीत अर्धा तास एक्स्पोर्ट चालला की पातळ लॅपटॉप तापतो आणि स्वतःला जपण्यासाठी वेग कमी करतो. शिवाय बऱ्याच पातळ मॉडेलमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही. कोपऱ्यात कायमची जागा असेल तर डेस्कटॉपच घ्या. ज्यांचे फोन आयफोन आहेत त्यांनी मॅक मिनीचा विचार जरूर करावा. एम-४ चिपचा मॅक मिनी नोव्हेंबर २०२४मध्ये आला तेव्हा भारतात ५९,९०० रुपयांपासून होता, १६ जीबी मेमरीसकट, आणि एच.२६५ व प्रोरेस उलगडणारा भाग त्याच्या चिपमध्येच आहे. मात्र मॉनिटर, कीबोर्ड, माउस वेगळे. आणि मेमरी घेताना जेवढी घ्याल तेवढीच कायम.

डेस्कटॉपला यूपीएस हवाच. मुंबईत वीज सहसा जात नाही, पण १२ ऑक्टोबर २०२० रोजी ग्रिड बिघडून जवळपास सगळं शहर बंद पडलं होतं, आणि पावसाळ्यात क्षणभराचा झटका तर नेहमीचाच. ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॅटच देतो. अंगच्या ग्राफिक्सच्या मशीनला तो पुरतो, मोठं कार्ड लावलं तर पुरत नाही.

आता खरेदी. लॅमिंग्टन रोडला, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गाला, जाणार असाल तर मुलुंड-घाटकोपरकरांनी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरावं. भाव तिथे चार दुकानांत विचारता येतो. पण सुटे भाग तिथून आणून एखादा बिघडला तर बदलायला पुन्हा तेवढाच प्रवास. म्हणून थोडा फरक असेल तर मी घराजवळच्या दुकानदाराला पसंती देईन. कुठेही घ्या, स्वतःच्या फोनवरची पाच मिनिटांची क्लिप पेन ड्राइव्हवर न्या. दुकानातल्या तशाच मशीनवर, तुम्ही वापरणार त्याच सॉफ्टवेअरमध्ये ती एकावर एक दोन थरांत ठेवा आणि चालवा. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर जा. तिथे ‘व्हिडिओ डीकोड’ असा आलेख दिसतो. क्लिप चालताना तो वर चढला आणि सीपीयू शांत राहिला, तर काम योग्य भागाकडे गेलं. सीपीयू शंभर टक्क्यांवर आणि हा आलेख सपाट, तर ते मशीन किंवा ते सॉफ्टवेअर तुमच्या फुटेजसाठी नाही. गिऱ्हाइकानं एवढं मागितलं तर चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

मुलुंडच्या वाचकांना मी कोटेशन असं बदलून घ्यायला कळवलं आहे : १२४०० ‘एफ’शिवाय, आठ-आठच्या दोन रॅम, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, जीटी ७१० रद्द, कंपनीचं नाव लिहिलेला एसएमपीएस, साधं जाळीचं कॅबिनेट, ६०० व्हीएचा यूपीएस. जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क त्यांच्याकडे आहे, ती साठवणीला चालेल. बिल पक्कं, १८ टक्के जीएसटीसह, आणि प्रत्येक भागाचा सीरियल नंबर बिलावर लिहिलेला. प्रोसेसर, रॅम, एसएसडी यांची वॉरंटी वेगवेगळ्या कंपन्यांची आणि वेगवेगळ्या मुदतीची असते. कच्च्या बिलावर तीन वर्षांनी कोणी दाद देत नाही.

पुढच्या आठवड्यात माइक : रंगमंचावरचे संवाद फोनच्या माइकवर इतके दूरचे का वाटतात आणि त्यावर घरच्या घरी काय करता येतं.