उभ्या गाडीचा धूर आणि बांधावरचं लेकरू

गाडी उभी राहिली की तिचा त्रास थांबला, असे आपण समजतो. आम्हीही तसेच समजत होतो. रस्त्याच्या कडेला ट्रक उभा आहे, इंजिन घुरघुरते आहे, ड्रायव्हर टपरीवर चहा पितो आहे, हे आपण रोज पाहतो आणि पुढे जातो. काळा लोट आला तरच नाकाला पदर लागतो. गेल्या हंगामात चार दिवस पुतण्याच्या टोळीवर राहण्याचा योग आला आणि आमची ही समजूत पार मोडली.

आपल्या बीड जिल्ह्यातून दरसाल दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे बिऱ्हाड घेऊन ऊसतोडीला जातात. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक, जिथे मुकादम नेईल तिथे. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल फिटेपर्यंत परतीची वाट नाही. हे वाचकांना आम्ही काय सांगावे? अनेकांच्या घरचीच ही कथा आहे.

रात्री दोनच्या सुमारास गाडी भरायला आली. शिवारात मिट्ट काळोख. ड्रायव्हरने इंजिन चालूच ठेवून दिवे लावले आणि त्या उजेडात बाया-माणसे डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढू लागली. सूनबाईही त्यात होती. तिचे सव्वा वर्षाचे लेकरू बांधावर गोधडीत निजलेले, गाडीपासून दहा-बारा पावलांवर. थंडीने हवा जड झालेली, वारा नाही, धूर तिथल्या तिथे साचलेला. गाडी भरून निघेपर्यंत अडीच तास इंजिन बंद झाले नाही.

आम्ही ड्रायव्हरला म्हणालो, "बाबा, जरा बंद कर की."

तो म्हणाला, "काका, बॅटरी उतरलीय. बंद केली तर सेल्फ लागत न्हाई. भरली गाडी धक्क्यानं निघती का? ट्रॅक्टर बोलवावा लागंल, तवर कारखान्यावरचा नंबर जातो."

सूनबाई खालूनच म्हणाली, "मामा, ऱ्हाऊ द्या. उजेड गेला तर फळीवरून पाय घसरंल आमचा."

दोघांचेही खोटे नव्हते. म्हणून सगळा दोष ड्रायव्हरच्या माथी मारायला आमचे मन तयार नाही.

पण धुराला कारण विचारायचे नसते. डिझेलच्या धुराने माणसाला कर्करोग होतो, असा स्पष्ट निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये दिला. तंबाखूच्या धुराला ज्या वर्गात घातले आहे, त्याच पहिल्या वर्गात याला घातले. या धुरातली काजळी इतकी बारीक असते की ती नाक-घशात न अडकता फुफ्फुसाच्या तळापर्यंत जाते. त्यात उभ्या गाडीचे इंजिन मंद चालते, पुरेसे तापत नाही, डिझेल नीट जळत नाही. चालत्या गाडीचा धूर मागे विखरतो, उभ्या गाडीचा एकाच जागी जमतो. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-६ ची कडक अट आली हे खरे, पण ऊस वाहायला जुन्या गाड्याच पुष्कळ असतात. पोराच्या खोकल्याला चुलीचा धूरही कारण आहे, हेही आम्ही मान्य करतो. म्हणून दुसरा धूर माफ होत नाही.

२०१९ साली बीडच्या ऊसतोड भगिनींच्या गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला, चौकशी समिती नेमली गेली. त्यांच्या छातीत काय जाते, हे मात्र अजून कोणी विचारले नाही.

आता थोडा हिशेब. आम्ही पडलो कारकून, आकडे मांडल्याशिवाय चैन पडत नाही. मोठा ट्रक उभ्याने तासाला सुमारे तीन लिटर डिझेल खातो, असे अमेरिकेतले सरकारी आकडे सांगतात. आपली गाडी लहान, म्हणून निम्मे धरू. दीड लिटर. शेतात अडीच तास आणि कारखान्याच्या काट्यापुढे रांगेत दीड तास, असे चार तास झाले. सहा लिटर. लिटरला नव्वद रुपये धरले तर एका खेपेला पाचशे चाळीस रुपयांचा नुसता धूर! महिन्याला वीस खेपा झाल्या तर दहा हजार आठशे. इतक्यात नवी बॅटरी येते, सेल्फ दुरुस्त होतो आणि वर चार्जिंगचे दिवेही येतात. गाडीमालकाने हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

लांबचा पल्ला मारून आलेल्या टर्बो इंजिनाला बंद करण्याआधी दोन-तीन मिनिटे चालू ठेवावे लागते, ब्रेकची हवा भरायलाही थोडा वेळ लागतो. तेवढे सोडून द्या. अडीच तासांचे काय?

आपल्याकडे कायदा अगदीच नाही असे नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम १२६ सांगते की, सार्वजनिक जागी गाडी उभी असताना ड्रायव्हरच्या जागेवर परवानाधारक माणूस तरी बसलेला हवा, नाहीतर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला हवा. म्हणजे इंजिन चालू ठेवून टपरीवर चहाला जाणे बेकायदा आहे. पण ड्रायव्हर जागेवर बसून राहिला तर हे कलम काही करू शकत नाही. परदेशात पुढचे पाऊल पडले आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात २००५ पासून मोठ्या डिझेल गाड्यांना उभ्याने पाच मिनिटांचीच मुभा आहे. हाँगकाँगमध्ये डिसेंबर २०११ पासून तासात तीन मिनिटे. न्यूयॉर्क शहरात तीन मिनिटे आणि शाळेजवळ एकच मिनिट. तिथे नागरिकाने अशा ट्रकचे चित्रण करून तक्रार केली तर दंडातला वाटाही त्याला मिळतो. आपल्याकडे तक्रार केली तर मुकादम पुढच्या साली टोळीत घेणार नाही, हा फरक आहे.

म्हणून आम्ही तक्रारीऐवजी कराराचा मार्ग सुचवतो. उचल घेतानाच, चार कोयते मिळून, दोन गोष्टी बोलून घ्या. रात्री गाडी भरायची तर उजेड चार्जिंगच्या दिव्यांचा असावा. कोप्या गाडीतळाला लागून नसाव्यात, धूर येतो त्या अंगाला तर नसाव्यातच. कारखान्यांनी रांगेऐवजी चिठ्ठी देऊन नंबर पुकारला तर काट्यापुढचा धूरही जाईल. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ आहे. त्याच्या कामात हा विषय बसतो. तसा अर्ज आम्ही लिहून ठेवला आहे, आता सह्या गोळा करतो आहोत. आणि भगिनींनो, लेकरू गाडीच्या धुराड्याच्या उलट्या बाजूला, दूर निजवा. यात कोणाची परवानगी लागत नाही.

पुतण्याच्या टोळीने यंदा करारात दोन दिवे मागितले. मुकादम बराच वेळ हसला, मग एक कबूल केला. दुसरा टोळीने वर्गणी काढून घेतला आहे.