विश्लेषण : शंभर पौंडांचे नाणे ‘वैध चलन’, तरी बँक ते नाकारू शकते! असे का?

लंडनमध्ये २९ जुलै १९८१ रोजी युवराज चार्ल्स आणि डायना यांचा विवाह झाला. त्यानिमित्त ब्रिटनच्या सरकारी टांकसाळीने, म्हणजे रॉयल मिंटने, काढलेले मोठे रुपेरी नाणे आजही अनेकांच्या कपाटात जपून ठेवलेले असते. राजघराण्याचे, त्यात डायनाचे, म्हणजे त्याला चांगली किंमत येणार असा समज असतो. प्रत्यक्षात त्याची दर्शनी किंमत आहे २५ पेन्स, म्हणजे पाव पौंड. नऊ वर्षांनी त्याच आकाराचे, त्याच धातूचे स्मारक नाणे निघाले, त्याची किंमत मात्र ५ पौंड. आणि २०१५ मध्ये तर १०० पौंडांचे नाणे आले, जे बँकेने स्वीकारलेच पाहिजे असे बंधन नाही. हा गोंधळ समजून घ्यायचा तर थोडे मागे जावे लागते.

मोठ्या नाण्याची किंमत पाव पौंड कशी?

ब्रिटनमध्ये १५ फेब्रुवारी १९७१ पर्यंत पौंडाचे १०० भाग नव्हते. १२ पेन्सांचा एक शिलिंग आणि २० शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे पौंडाचे २४० पेन्स. ही मोजणी मध्ययुगापासूनची. एक पौंड वजनाच्या चांदीतून २४० पेनी पाडण्याच्या पद्धतीतून ती आली. रुपया, आणे, पैचा हिशेब आपल्याकडे १९५७ मध्ये सुटला; ब्रिटिशांना त्यासाठी आणखी १४ वर्षे लागली.

या जुन्या पद्धतीत ‘क्राउन’ हे पाच शिलिंगांचे नाणे होते. पौंडाचा चौथा हिस्सा. त्यामुळे दशमान पद्धत आल्यावर त्याची किंमत आपोआप २५ नवे पेन्स ठरली. क्राउन तोपर्यंत व्यवहारातून जवळजवळ गेलाच होता आणि खास प्रसंगांपुरता उरला होता. १९६५ मध्ये विन्स्टन चर्चिल यांच्या निधनानंतर निघालेला क्राउन त्यातला सर्वांत गाजलेला. राजघराण्याबाहेरची व्यक्ती ब्रिटिश नाण्यावर येणे ही दुर्मीळ गोष्ट होती. पण टांकसाळीने ही नाणी काढली तब्बल १ कोटी ९६ लाख! राणी एलिझाबेथ यांच्या रौप्यमहोत्सवाची, १९७७ सालची नाणी तर सुमारे ३ कोटी ७० लाख होती. नाणे घराघरांत जपले गेले, तर ते दुर्मीळ कसे होणार? चर्चिलच्या नाण्याला संग्राहकांच्या बाजारात फारसा भाव नाही, याचे कारण हेच.

चांदीचा मुद्दाही असाच फसवा आहे. ब्रिटनने १९२० मध्ये चलनी नाण्यांतील चांदी ९२.५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणली आणि १९४७ मध्ये ती पूर्णच काढली. त्यानंतरचे सर्वसाधारण क्राउन तांबे-निकेलचे आहेत. महागाईमुळे एवढ्या धातूच्या नाण्याला पाव पौंड ही किंमत शोभेना, म्हणून १९९० पासून अशा नाण्यांची दर्शनी किंमत ५ पौंड झाली. आधीची नाणी मात्र २५ पेन्सवरच राहिली.

वीस पौंडांना वीस पौंडांचे नाणे

रॉयल मिंटने २०१३ मध्ये वेगळी कल्पना लढवली : २० पौंडांचे चांदीचे नाणे, विक्रीची किंमतही २० पौंडच. ग्राहकाला वाटले, तोटा कसला? नाही आवडले तर बँकेत भरू. नाण्यात चांदी होती जेमतेम अर्धा औंस, त्या वेळच्या भावाने २० पौंडांच्या निम्म्याहूनही कमी. पुढे १०० पौंडांचे नाणेही याच पद्धतीने विकले गेले. काहींनी तर ही नाणी क्रेडिट कार्डावर घेऊन, कार्डाचे पॉइंट मिळवून, नाणी बँकेत जमा करण्याचा सपाटा लावला. २०१६ च्या सुमारास बँका नाणी परत पाठवू लागल्या, तेव्हा अडकले ते साधे ग्राहकही. ही नाणी व्यवहारासाठी नाहीत आणि बँकांवर ती घेण्याचे बंधन नाही, अशी टांकसाळीची भूमिका होती.

मग ‘वैध चलन’ म्हणजे काय?

घोळ या शब्दांतच आहे. ब्रिटिश कायद्यात वैध चलनाचा अर्थ फार मर्यादित आहे : देणेकऱ्याने देणे फेडण्यासाठी ती रक्कम न्यायालयात वैध चलनात भरली, तर पैसे दिले नाहीत म्हणून त्याच्यावर दावा चालत नाही. एवढेच. दुकानदार किंवा बँकेने ते घ्यावेच, असे त्यात नाही. गंमत म्हणजे स्कॉटलंडमध्ये कोणतीच नोट वैध चलन नाही, बँक ऑफ इंग्लंडचीसुद्धा. तरी नोटांवर तिथले व्यवहार सुरळीत चालतात. उलट एक आणि दोन पेन्सांची नाणी २० पेन्सांपर्यंतच वैध चलन ठरतात.

या दर्जाचा खरा फायदा मिळतो तो करात. सॉव्हरिन हे जवळपास आठ ग्रॅमचे, २२ कॅरट सोन्याचे नाणे. दर्शनी किंमत एक पौंड, पण सोन्याची किंमत कैक पटींनी अधिक. ते ‘चलन’ असल्यामुळे ब्रिटनमधील करदात्याला ते विकून झालेल्या नफ्यावर भांडवली नफा कर लागत नाही. (भारतातील करदात्यांनी यावरून हुरळून जाऊ नये, ही सवलत तिथलीच.) आपल्याकडे ज्याला गिन्नी म्हणतात ते बहुधा हेच. खरी गिनी त्याआधीची, २१ शिलिंगांची. आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्यावरील सोन्यावरून तिला नाव पडले. १८१७ मध्ये सॉव्हरिनने तिची जागा घेतली, आपल्या बोलण्यात नाव मात्र जुनेच राहिले. १९१८ सालचे सुमारे १३ लाख सॉव्हरिन तर मुंबईच्या टांकसाळीत पाडलेले आहेत. त्यांवर ‘आय’ हे बारीक इंग्रजी अक्षर असते.

भाव येतो तो कशाला?

संख्येला. २००९ चे क्यू गार्डन्सचे ५० पेन्सांचे नाणे दिसायला सुट्टे पैसेच, पण ते फक्त २ लाख १० हजार निघाले आणि संग्राहक त्यासाठी दर्शनी किमतीच्या कित्येक पट मोजतात. २०२३ चे सामन माशाचे नाणे तर अवघे २ लाख. (पन्नास पेन्सांच्या या सप्तकोनी नाण्याच्या कडा किंचित फुगीर असतात, त्यामुळे ते कसेही फिरवले तरी रुंदी तीच राहते आणि यंत्रात अडकत नाही.)

घरात डायनाचे नाणे असेल, तर ते तराजूत टाकून उपयोग नाही. तांबे-निकेलचे आणि संग्राहकांसाठी काढलेले चांदीचे, दोन्ही २८.२८ ग्रॅमचीच आहेत. चांदीच्या नाण्यावर आरशासारखी झिलई असते आणि ते प्रमाणपत्रासह डबीतून विकले गेले होते. डबी आणि कागद असेल तर निदान चांदीचा भाव येईल. सुटे असेल तर ते बहुधा २५ पेन्सांचेच.